रिंगण आखणाऱ्याला प्रश्न नाही

आमच्याकडचा झाडू उडत नाही. तो आडवा धरायचा असतो, आणि धरायचं काम माझं आहे. पोस्टाच्या खिडकीमागे मी उभं आयुष्य काढलं. 'तिकीट कमी आहे, पाकीट जाणार नाही' हे समोरच्याच्या तोंडावर सांगायची सवय तिथलीच. त्यामुळे आमची म्होरकी आर्डिस हिनं जेव्हा विचारलं, "मार्लिस, दारावर उभी राहशील?" तेव्हा आमच्या जादू करणाऱ्यांच्या मंडळात कोणालाच नवल वाटलं नाही. डेल्बर्ट तर म्हणाला, "चला, आता भुतंसुद्धा रांगेत येतील."

दार म्हणजे काही खरं दार नव्हे. आर्डिसच्या अंगणात जुना हातपंप आहे, पंपापलीकडे सफरचंदाची बाग आणि बागेपुढे गवताचा तुकडा. बागेतल्या शेवटच्या दोन झाडांमधली फट म्हणजे आमचं दार. गवतात आर्डिस तिच्या पाव कापायच्या सुरीनं रिंगण आखते आणि वर्षाचे आठही सण आम्ही त्या रिंगणात करतो. एरवी कोणी कोणाला अडवत नाही. पण साविनला, म्हणजे ऑक्टोबर सरतो त्या संध्याकाळी आमचं जुनं वर्ष संपून नवं लागतं तेव्हा, आत शिरण्याआधी प्रत्येकाला मी अडवते. झाडू आडवा धरते आणि विचारते, "जादू म्हणजे काय?"

उत्तर स्वतःचं हवं. पुस्तकातलं चालत नाही. गेल्या वर्षीचं चालत नाही. आणि मागची माणसं थंडीनं काकडतायत याचं भान ठेवून दिलेलं हवं. उत्तर नसेल तर त्यात लाज नाही. त्या माणसानं मुकाट स्वयंपाकघरात जायचं आणि विधी संपेपर्यंत सूप ढवळायचं, नाहीतर रानतांदळाचं सूप खाली लागतं. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं.

नियम सगळे आर्डिसचे. ती म्हणायची, "स्वतःची जादू ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या जादूत नुसता पाहुणा. पाहुण्याला जेवण मिळतं, काम सांगता येत नाही."

माझ्या झाडूपुढे काय काय उत्तरं आली म्हणून सांगू! डेल्बर्ट दूध काढायची मशीनं दुरुस्त करतो. पहिल्या वर्षी त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "वंगण. मशीन असतंच, वीज असतेच. वंगण नसलं की नुसता आवाज." मी झाडू बाजूला केला. गॅरेट कॉलेजात शिकवतो. त्यानं सुरुवात केली, "जादू या संकल्पनेकडे तीन अंगांनी—"

"एकाच अंगानं आत ये," मी म्हटलं. "बाकीची दोन बाहेर ठेव."

तो गोंधळला, मग हसला आणि म्हणाला, "मला ती अजून कळलेली नाही, आणि दर वर्षी त्याचं जास्त बरं वाटतं." हे मला आवडलं. ब्रिटा गुरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. ती एका वर्षी म्हणाली, "मी मागते ती जादू नव्हे. मागून झाल्यावर जे करायला मी उठते, ती."

मला सहसा कोणाचं कौतुक जमत नाही, पण हे कबूल करते. हीच माणसं वर्षभर बटाट्याच्या सॅलडात कांदा घालायचा की नाही यावरून भांडतात. एकमेकांच्या गाड्या कशाही लावतात. आणि त्या एका संध्याकाळी कुठून तरी असं एक वाक्य घेऊन येतात की माझ्या हातातला झाडू आपोआप खाली येतो. मला त्या माणसांचा अभिमान वाटतो. तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

सगळे आत गेले की शेवटी मी. मला प्रश्न विचारायचा तो रिंगण आखणाऱ्यानं, म्हणजे आर्डिसनं, आतून. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "पत्ता नीट लिहिणं. पोचवणारा पोचवतो." आर्डिस इतकी हसली की तिच्या हातातली मेणबत्ती विझली.

पण आर्डिसला कोण विचारणार? ती तर आधीपासूनच आत. एकदा मी तिला धरलंच. "हा नियम तू स्वतःला वाचवायला केलास."

"नियम नियम आहे," ती म्हणाली. "रिंगण आखणाऱ्याला प्रश्न नाही."

"म्हणजे आम्ही थंडीत उत्तरं शोधायची आणि तू आत उभी राहून ऐकायची."

"ज्या वर्षी सुरी खाली ठेवीन ना, त्या वर्षी तुझ्या दारातून येईन, बाकीच्यांसारखी. तेव्हा विचार." मग डोळे बारीक करून म्हणाली, "उत्तर तयार आहे माझं. तुला झोप लागणार नाही."

तेव्हापासून ते उत्तर ऐकायची मला हाव सुटली होती.

आर्डिस कोण, तर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवणारी बाई. विस्कॉन्सिनमधल्या या टेकड्यांमध्ये हिवाळ्यात ती आली की माणसं खिडकीतून हात करायची, कारण ती गेली की दूध बाहेर पडायचं आणि डॉक्टर आत यायचा. समोरच्या लूथरन चर्चच्या बायकांना ती चेटकीण आहे हे ठाऊक होतं, पण चर्चपुढचा रस्ता ती सगळ्यात आधी साफ करायची, त्यामुळे त्या दर साविनला ॲपल-पाय भाजून आणून द्यायच्या. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून वावगा शब्द कोणी ऐकला नव्हता. ट्रक खड्ड्यात गेला तरी ती म्हणायची, "अरे देवा, झालं वाटतं."

आणि ती कडक होती. ते मला सांगायलाच हवं.

माझा नवरा ऑरिन ऑगस्टमध्ये गेला. नाश्ता करता करता गेला, हातात टोस्ट होता. त्या साविनला मी हट्टानं दारावर उभी राहिले. सगळ्यांना विचारलं, सगळ्यांना आत घेतलं. मग आतून आर्डिसचा आवाज आला. "मार्लिस, जादू म्हणजे काय?"

जादू म्हणजे काय म्हणे! ज्या बाईचा माणूस टोस्ट धरून मेला तिला काय विचारताय? मी वाट पाहिली. वाटलं, आता ती म्हणेल, असू दे गं, यंदा नको, ये तशीच. सगळे तेच म्हणाले असते. आर्डिस काही म्हणाली नाही. मेणबत्ती धरून उभी राहिली, माझ्याकडे बघत.

मी झाडू झाडाला टेकवला आणि स्वयंपाकघरात गेले. खिडकीतून बागेपलीकडचे दिवे दिसत होते. साविनला आम्ही आमच्या मेलेल्यांची नावं घेतो; तिथं ऑरिनचं नाव घेतलं तेव्हा मी इथं होते, आणि मला ते ऐकू आलं नाही. मी रडले, आणि सूप लागलं. चांगलं करपलं. विधी आटपून सगळे आत आले, एकमेकांकडे बघू लागले. आर्डिसनं वाडगा भरून घेतला, समोर बसून सगळा संपवला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. तिनं सूट दिली असती तर मी दयेवर आत गेले असते. दयेवर आत गेलेला माणूस मनातून बाहेरच राहतो. पुढच्या वर्षी मी माझ्या पायांनी, माझ्या उत्तरानं आत गेले. तरी ते एक वर्ष मी बाहेर होते, एवढं खरं. ते मी विसरले नाही. तीही विसरली नसावी, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

यंदा मे महिन्यात आर्डिसला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंग थोडंफार परत आलं. वाचा नाही. समजतं सगळं, बघते त्याच जुन्या नजरेनं, पण शब्द काढायला गेलं की वाटेतच हरवतात. उरले ते तीनच. 'हो', 'नाही', आणि तिसरा 'च्यायला'.

पहिल्यांदा दवाखान्यात तिनं तो शब्द उच्चारला तेव्हा डेल्बर्टच्या हातातली फुलं खाली पडली. इतका स्वच्छ, खणखणीत! जणू जन्मभर आत दाबून ठेवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. आम्ही आर्डिसला विचारलं, तुझ्यासाठी काही करू का? कारण परवानगीशिवाय कोणावर जादू करायची नाही हा आमचा रिवाज, मग ती भल्यासाठी का असेना. ती म्हणाली, "हो." आम्ही केलं. ती वॉकर धरून चालायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायामानं. आम्ही म्हटलं, दोन्हीनं. आर्डिस म्हणाली, "च्यायला."

सप्टेंबरमध्ये तिनं पाव कापायची सुरी टेबलावर ठेवली आणि ब्रिटाकडे सरकवली. ब्रिटा रडायला लागली. आर्डिसनं तिच्या डोक्यावर टपली मारली, मग माझ्याकडे वळली. कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. मला लगेच कळलं. यंदा ती दारातून येणार होती. मी तिला विचारायचं होतं.

त्यानंतर रोज दुपारी मी तिच्याकडे जायला लागले. बोलायला शिकवणारी मुलगी चित्रांचे पत्ते ठेवून गेली होती. सफरचंद, खुर्ची, मांजर. मी पत्ता धरायची, ती तोंड उघडायची, ओठ जुळवायची, कपाळावर घाम यायचा. सफरचंद येईना. साक्षात खिडकीबाहेर बागभर लगडलेलं, पण येईना. जिला सफरचंद म्हणता येत नाही तिला मी जादू म्हणजे काय विचारणार होते. आणि उत्तर आलं नाही तर नियमानं तिला, तिच्याच घरात, तिच्याच रिंगणाबाहेर सूप ढवळायला पाठवणार होते.

साविनच्या आधीच्या रविवारी आम्ही सफरचंदं सोलायला तिच्या स्वयंपाकघरात जमलो. आर्डिस पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. ब्रिटानं विषय काढला.

"तिला विचारायचं नाही. मी ठरवलंय."

"वा! सुरी हातात आली नाही तोच?" मी म्हटलं.

"मार्लिस, अगं माणूस आहेस की दगड?" डेल्बर्ट म्हणाला. "डोळ्यांनी बोलते ती. डोळे चालत नाहीत का तुझ्या पोस्टात?"

"डोळ्यांवर तिकीट चिकटत नाही."

"मग 'हो' म्हणू दे. 'हो' हे उत्तर धरू."

"जादू म्हणजे हो? असं तू म्हणाला असतास तर मी तुला आत घेतलं असतं?"

"मला नसतं घेतलंस. पण ती आर्डिस आहे!"

"म्हणूनच!" मी हातातली सोलायची सुरी आपटली. "तुम्ही तिला फुकट आत घेणार. गोड बोलून, हाताला धरून. म्हणजे उद्यापासून ती आपल्यातली म्हातारी, आजारी बाई. आर्डिस नव्हे. मला माहीत आहे बाहेर बसणं काय असतं. पण हात धरून आत नेलेलं त्याहून वाईट असतं, ते तुम्हाला माहीत नाही."

ब्रिटा हळूच म्हणाली, "मग तूच विचार. आणि तूच तिला स्वयंपाकघरात पाठव. जमेल तुला?"

मी पुढचं सफरचंद उचललं. पलीकडून भिंतीवर काठी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आर्डिसचा आवाज. "नाही!" मग थोडं थांबून, आम्हा सगळ्यांना उद्देशून, "च्यायला!"

विषय संपला.

साविनची संध्याकाळ स्वच्छ होती. पानगळ झालेली, अंगणात पानांचा थर. सूर्य टेकडीला टेकला तशी ब्रिटा सुरी घेऊन गवतात गेली. सूर्य जातो त्या दिशेनं, उजवं अंग आत ठेवून, तिनं रिंगण आखलं. पहिलीच वेळ, पण नीट आखलं. मी झाडू धरून दोन झाडांमध्ये उभी राहिले.

माणसं आली. गॅरेट म्हणाला, "विचारल्यावर गप्प बसता येणं." आणि खरंच गप्प बसला. डेल्बर्ट माझ्यावर रागावलेला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "यंदा मला वाटतं, जादू म्हणजे नट घट्ट करताना कुठं थांबायचं ते कळणं." टोमणा मलाच होता, पण उत्तर चांगलं होतं. मी झाडू खाली केला. एक एक करत सगळे आत गेले, आणि अंगणात आर्डिस एकटी राहिली.

ती आली. वॉकरची चाकं पानांत रुतत होती. निळा कोट, डोक्यावर ती काउंटीची जुनी नारिंगी टोपी. माझ्यासमोर थांबली, ताठ झाली.

मी झाडू आडवा धरला. नेहमीसारखंच विचारलं, "आर्डिस, जादू म्हणजे काय?"

तिनं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. मानेची शीर ताठ झाली. मी मनात म्हणत होते, ये रे शब्दा, कुठलाही ये, सफरचंद ये, खुर्ची ये, मी घेते आत. काही आलं नाही. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत पाणी नव्हतं. उलट मला धीर द्यावा तसे होते.

"घे ना तिला," आतून कोणीतरी कुजबुजलं.

आर्डिसनं मान हलवली. "नाही." वॉकर वळवला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागली.

मी पोस्टात असताना लोकांची पाकिटं परत केली, रडणारी माणसं परत पाठवली. पण त्या क्षणी वाटलं, हा झाडू गुडघ्यावर मोडावा आणि धावत जावं. गेले नाही. गेले असते तर तिचा अपमान झाला असता. नुसती उभी राहिले आणि शिव्या घातल्या, स्वतःला, झटक्याला आणि नियमांना.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. आत गेली. मग परत वाजलं. ती बाहेर आली होती, आणि तिच्या हातात सूप वाढायचा लांब दांड्याचा डाव होता.

ती हातपंपाशी गेली. वाकून, एका हातानं, बराच वेळ खटपट करून तिनं तो डाव वॉकरच्या खालच्या दांडीत अडकवला, वाटी जमिनीला टेकेल असा. मग चालू लागली. डाव पानांतून ओढला जाऊ लागला. मागे जमिनीवर काळी रेघ.

"काय करतेय ती?" डेल्बर्ट म्हणाला.

मला कळलं. पंपापासून माझ्या डाव्या हाताकडून गेली असती तर चढ सावकाश होता. पण उलट्या दिशेनं आम्ही रिंगण मोडतो, आखत नाही. ती उजवं अंग, ते तिचं लुळं अंग, आमच्याकडे ठेवून सरळ चढाला लागली. वॉकर एक वीत पुढे, मग पाय, मग दुसरा पाय. डाव खरडतोय. सुरी नसली म्हणून काय झालं! आम्हाला तीच सांगायची, "सुरी बघणाऱ्यांसाठी असते. आखायला चमचासुद्धा पुरतो."

"रिंगण आखतेय," ब्रिटा म्हणाली. "आपल्या बाहेरून."

आर्डिस चढावरच्या जुन्या गोठ्यामागे गेली आणि दिसेनाशी झाली. आता फक्त आवाज. खरडल्याचा, दगडावर खण्ण, परत खरडल्याचा. मग आवाज थांबला.

डेल्बर्ट पुढे झाला. "पडली असेल. मी जातो."

"आत आलास ना?" मी झाडू त्याच्या छातीला लावला. "मग आतच थांब."

"मार्लिस, तिथं चिचुंदऱ्यांची बिळं आहेत!"

"ठाऊक आहे मला!" मी ओरडले. "गप्प बस!"

ब्रिटानं डेल्बर्टचा हात धरला. आम्ही ऐकत राहिलो. काही नाही. टेकडीमागे सूर्य गेला. आणि मग गोठ्यामागून, गावभर ऐकू जावं असं, "च्यायला!"

सगळे हसायला लागले. हसता हसता निम्मे रडत होते. खरडल्याचा आवाज परत सुरू झाला.

ती गोठ्याच्या पलीकडून बाहेर आली, आमच्या पाठीमागून गवताच्या कडेकडेनं गेली, बागेच्या खालच्या टोकाला आली. एका पायाला चिखल होता, टोपी वाकडी झाली होती. आत सगळे जसजशी ती पुढे जाईल तसतसे तिच्याकडे तोंड करून वळत होते, सूर्यफुलांसारखे. पंप तिथून समोर दिसत होता, चार पावलांची सपाट वाट. ती सरळ गेली असती तर रिंगण पुरं झालं असतं. आम्ही सगळे आत आलो असतो.

ती सरळ गेली नाही. वळली आणि घराकडे निघाली.

"आता कुठे?" गॅरेट म्हणाला. "संपलं होतं की."

घराच्या बाजूला खडी आहे. खडीवर वॉकरची चाकं फिरत नाहीत, उचलून ठेवावा लागतो. ती उचलून ठेवत होती. डाव किरकिर वाजत होता. ती घराच्या मागून गेली, चुलीच्या भिंतीला वळसा घातला, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून आली. खिडकीत दिवा होता. तिथं ती थांबली, खिडकीकडे पाहिलं, आणि मग मान वळवून बागेपलीकडून थेट माझ्याकडे.

त्या खिडकीत मी बसले होते, ऑरिन गेला त्या वर्षी. ती विसरली नव्हती. एवढी वर्षं लक्षात ठेवून होती, आणि आज, अर्ध्या अंगानं, खडीवरून वॉकर उचलत उचलत ती मला आणायला गेली होती. माझा हुंदका मला आवरला नाही. मी आवरलाही नाही.

पंपाशी येऊन तिनं रेघेला रेघ जुळवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. माझा झाडू अजून आडवाच होता, आणि तो आता कोणाला अडवत होता ते मलाच कळेना. ती आत होती. मी आत होते. गोठा, बाग, पंप, घर, सगळं आत होतं. आणि रिंगण आखणाऱ्याला प्रश्न नाही. नियम नियम आहे.

मी झाडू खाली केला.

"लबाड," मी म्हटलं. "एवढं तयार उत्तर होतं तुझं?"

"हो," आर्डिस म्हणाली. तिचा तो अर्धा चेहरा हसला, आणि मला वाटलं मी एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही.

ती हलली मात्र नाही. भुवई वर करून माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं. सगळ्यांची उत्तरं झाली होती. शेवटी राहते ती दारावरची, आणि तिला विचारायचं रिंगण आखणाऱ्यानं. प्रश्न तिला बोलता येत नव्हता, पण असा स्वच्छ प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

माझं उत्तर तयार होतं. आठवडाभर घोळवलेलं, चांगलं दोन वाक्यांचं. मी तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही आलं नाही. नुसते ओठ हलले. तिनं वाट पाहिली. तशीच, त्या वर्षीसारखी, सूट न देता. शेवटी मी मान हलवली.

आर्डिसनं वाकून दांडीतला डाव सोडवला आणि माझ्या हातात दिला.

नियमानं मला स्वयंपाकघरात जावं लागलं. मी गेले. मागे ब्रिटानं मेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, तिचा आवाज खिडकीपर्यंत नीट येत होता. मी डाव नळाखाली धरला, चिखल आणि पानं धुऊन काढली. ऑरिनचं नाव आलं तेव्हा मी चुलीपाशी उभी होते, रिंगणाच्या आत, आणि सूप ढवळत होते.